सुई सुटण्याआधी

बेशुद्धीच्या औषधाचा डार्ट लागला की जनावर जागच्या जागी कोसळते, ही समजूत सिनेमाने पसरवलेली आहे. प्रत्यक्षात सुई मांडीत घुसल्यापासून जनावर आडवे होईपर्यंत साधारण पाच ते पंधरा मिनिटे जातात. औषध कोणते, मात्रा किती, सुई नेमकी कुठे लागली आणि जनावर आधीच किती बिथरलेले होते, यावर कधी त्याहूनही जास्त. एवढ्या वेळात सांबर उभ्या जागी थांबत नाही, आणि गोंदिया जिल्ह्यात त्याच्या वाटेत काय काय येऊ शकते ते नकाशावर पाहिले तरी पुरे. कोहळी समाजाने बांधलेले जुने मालगुजारी तलाव, धानाच्या बांध्यांमधल्या बोड्या (छोटी तळी), कठडा नसलेल्या विहिरी, गोंदिया–बल्लारशा रेल्वेमार्ग, आणि सडक अर्जुनी, कोहमारा, देवरी असा धावणारा मुंबई–कोलकाता महामार्ग. नागझिरा आणि नवेगाव या दोन जंगलांच्या मधला पट्टा म्हणजे हे सगळे एकत्र.

म्हणूनच डार्टची बंदूक खांद्याला लावलेल्या माणसापुढे नेम हा सर्वांत सोपा प्रश्न असतो. वीस मीटरवरच्या सांबराच्या मांडीवर नेम धरणे सरावाने जमते. सुई लागल्यावर ते कुठे पळेल, कुठे पडेल, पडल्यावर आपण तिथे किती वेळात पोचू आणि वाटेत कोण उभे असेल, याची उत्तरे बंदुकीतून मिळत नाहीत. ती आधी मिळवावी लागतात. मिळत नसतील तर बंदूक खाली ठेवायची.

कायद्याची बाजू आधी पाहिलेली बरी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे वन्यप्राणी पकडणे, आणि पकडण्याचा नुसता प्रयत्न करणे, हेही शिकारीतच मोडते. त्यामुळे उपचारासाठी, स्थलांतरासाठी किंवा गळ्यात रेडिओ कॉलर घालण्यासाठी मारलेला डार्टही मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवानगीशिवाय मारता येत नाही. माणसाच्या जिवावर उठलेल्या वाघाबाबत तर कलम ११ ने पायऱ्याच घालून दिल्या आहेत. त्याला पकडता, बेशुद्ध करता किंवा दुसरीकडे हलवता येत नाही, अशी खात्री पटल्याखेरीज मारण्याचा आदेश देता येत नाही. आणि पकडण्याची प्रक्रिया प्राण्याला कमीत कमी त्रास होईल अशीच व्हायला हवी, हेही त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात लिहिलेले आहे. कमीत कमी त्रास म्हणजे काय, हे मात्र कायदा सांगत नाही. ते जागेवर ठरते, बहुधा घाईत, आणि बहुधा गर्दीसमोर.

सडक अर्जुनी तालुक्यातल्या एका गावाजवळ ते कसे ठरले, हे प्रस्तुत लेखकाने जाळी धरणाऱ्यांच्या रांगेत उभे राहून पाहिले. एप्रिलचे दिवस. जंगलातले पाणवठे आटत आलेले, मोहफुले वेचायला माणसे पहाटेपासून रानात. सांबराची एक मादी पाण्याच्या वासाने गावच्या बोडीपर्यंत आली आणि कुत्र्यांच्या नजरेस पडली. कुत्र्यांनी तिला बांध्यांमधून तासभर पळवले. शेवटी ती एका बाडीच्या कुंपणात अडकल्यासारखी उभी राहिली. तोंड उघडे, बरगड्या भात्यासारख्या हलणाऱ्या. वन विभागाचे पथक पोचले तेव्हा अकरा वाजून गेले होते आणि दोन गावची माणसे जमली होती. “साहेब, मारा ना एकदाची सुई,” हे वाक्य चारी बाजूंनी येत होते. त्यात दुष्टपणा नव्हता. लोकांना ती वाचावी असेच वाटत होते.

सुई मारली गेली. नेमबाजी म्हणून पाहिले तर त्यात खोट काढायला जागा नव्हती. मादी आडवी उभी होती, अंतर वीस मीटरच्या आत, डार्ट मांडीच्या जाड स्नायूत सरळ गेला. दचकून तिने कुंपण तोडले, तीन बांध्या ओलांडल्या, मागे पुन्हा कुत्री लागली आणि एका धुऱ्याच्या आडोशाला ती मान दुमडून पडली. पशुवैद्यकाने मान सरळ केली, तिला छातीवर बसते केले, डोळ्यांवर पट्टी बांधली. अंगाचे तापमान १०६ अंश फॅरनहाइटच्या पुढे गेलेले. पाण्याचे हंडे रिकामे झाले, सलाइन लागले, उताऱ्याचे इंजेक्शन दिले. ती उठली, गाडीतून जंगलाच्या कडेला नेऊन सोडली गेली, लोकांनी टाळ्याही वाजवल्या. दोन दिवसांनी वनरक्षकाला ती नाल्यात मेलेली सापडली. शवविच्छेदनात मांड्यांचे स्नायू उकडल्यासारखे फिकट निघाले आणि मूत्र काळपट तपकिरी.

या मरणाला पशुवैद्यकशास्त्रात ‘कॅप्चर मायोपॅथी’ म्हणतात. भीती आणि जिवाच्या आकांताने केलेली धाव यांनी स्नायूंत आम्ल साठते, तंतू फुटतात, त्यातले द्रव्य रक्तात उतरून मूत्रपिंडे बंद पाडते. जनावर काही तासांत मरते किंवा काही दिवसांनी, आणि दरम्यान ते बरे झाले असे सगळ्यांना वाटत असते. चितळ, सांबर, नीलगाय यांना हा धोका मोठा. उपचार आहेत, पण भरवशाचे नाहीत. भरवसा ठेवायचा तो टाळण्यावरच. तासभर पळालेल्या, धापा टाकणाऱ्या हरणाला सुई मारायची नाही, हा नियम आता वन विभागाच्या शीघ्र कृती दलांच्या प्रशिक्षणात असतो. त्या दिवशी खरा उपाय साधा होता. कुत्री बांधायची, माणसे मागे न्यायची, जंगलाकडची बाजू मोकळी सोडायची आणि सावलीत उभ्या त्या मादीला संध्याकाळपर्यंत तिच्या वाटेने जाऊ द्यायचे. त्यात काही केल्यासारखे दिसत नाही, ही त्या उपायाची अडचण. दोन गावांसमोर हातात बंदूक असताना काहीच न करता बसणे हे पथकाच्या सगळ्यांत जड कामांपैकी एक आहे.

सांबराच्या बाबतीत आणखी एक गोष्ट नागझिऱ्यातला कोणताही वाटाड्या सांगेल. रानकुत्री मागे लागली की सांबर पाण्याकडे धावते. पोटभर पाण्यात उभे राहून ते खुरांनी आणि शिंगांनी कुत्र्यांना दूर ठेवते. हजारो पिढ्यांची ही सवय. पण डार्टचा दणका त्याला हल्ल्यासारखाच वाटतो, आणि मग ज्या पाण्याने त्याला नेहमी वाचवले त्याच पाण्यात ते औषधाने लुळे होऊन बुडते. तलावांच्या या जिल्ह्यात सांबराला डार्ट मारण्याआधी पाणी कोणत्या दिशेला आणि किती अंतरावर आहे, हे पाहणे म्हणूनच नेमाइतके महत्त्वाचे.

तारेचा फास पायात रुतलेला एक नर जिल्ह्यात पकडला गेला तेव्हा पथकाने हेच केले. तो रोज पहाटे पाण्यावर यायचा. पाण्याच्या काठी मचाणावरून मारणे सोपे होते, ते टाळले. पाणी पिऊन तो ज्या वाटेने चढावर परत जायचा, त्या वाटेवर पथक वाऱ्याच्या उलट बाजूला बसले. आला, पण समोरून आला तेव्हा सोडून दिला. दुसऱ्या सकाळी माद्यांच्या घोळक्यात होता म्हणून सोडून दिला. पुढे एकदा तो एकटा, पाण्याकडे पाठ करून, मान खाली घालून चरत उभा राहिला तेव्हाच चाप ओढला गेला. तार निघाली. जखम धुतली गेली.

इथे एक वळसा घ्यायला हरकत नाही. अमेरिकेत रॉकी पर्वतराजीत एल्क नावाचे मोठे हरीण आहे, सांबराच्याच कुळातले. सप्टेंबरच्या सुमारास तिथे धनुष्यबाणाने त्याची कायदेशीर शिकार चालते. आपल्याकडे शिकारीचे परवाने आणि शिकारीचे ब्लॉक इतिहासजमा झाले हे उत्तमच झाले. पण तिथल्या जबाबदार तिरंदाजांनी स्वतःवर घालून घेतलेली बंधने डार्टवाल्यांनी वाचण्यासारखी आहेत. जनावर समोरून अंगावर येत असेल तर बाण नाही. ते आडवे किंवा किंचित पाठमोरे उभे असायला हवे. त्याने मान वर करून कान टवकारले असतील तर बाण नाही, कारण धनुष्याच्या दोरीचा आवाज बाणाच्या आधी पोचतो आणि बाण येईपर्यंत जनावराने जागा बदललेली असते. मधे एक काडी असली तरी बाण नाही. सरावाच्या अंतरापलीकडे तर नाहीच. आणि बाण लागल्यावर लगेच मागे धावायचे नाही, अर्धा तास किंवा त्याहून जास्त वेळ जागेवर बसायचे. पाठलाग झाला की जखमी जनावर मैलोगणती जाते आणि कुठेतरी कुणाला न सापडता मरते.

डार्ट आणि बाण यांत लक्ष्य अगदी उलट असते. बाणाला फुप्फुस हवे, डार्टला ते टाळायचे असते. पुठ्ठ्याचा किंवा मांडीचा जाड स्नायू, फार तर खांदा. डोके, मान, छाती, पोट, कूस वर्ज्य. पण हवेतली गत दोघांची सारखीच. बंदुकीच्या गोळीच्या मानाने डार्ट फारच सावकाश जातो. तो खाली झुकतो, वाऱ्याने सरकतो, बांबूच्या पानाला घासला तरी वाट बदलतो. पावसाळ्यानंतरच्या नागझिऱ्यात तीस मीटरची मोकळी खिडकी मिळणे हेच नशीब. म्हणून अनुभवी नेमबाज वीस-तीस मीटरच्या आत राहतात आणि अंतर डोळ्यांनी न अंदाजता यंत्राने मोजतात. गॅसवर चालणाऱ्या बंदुकीत दाब अंतराप्रमाणे ठरवायचा असतो. दाब जास्त झाला तर डार्ट हाडापर्यंत घुसतो, लहान हरणाची मांडी मोडतोही. कमी झाला तर आपटून खाली पडतो, किंवा निम्मेच औषध आत जाते. हे निम्मे औषध सगळ्यांत वाईट. जनावर धड बेशुद्ध होत नाही, धड शुद्धीत राहत नाही, ठेचकाळत पळत राहते, आणि दुसरा डार्ट मारावा की थांबावे हे कुणालाच कळत नाही. थांबावे, हे उत्तर बहुतेक वेळा बरोबर असते. पंधरा-वीस मिनिटे तरी.

जनावर मारण्यासाठी नव्हे, पकडण्यासाठी बंदूक वापरायची ही कल्पना जुनी नाही. न्यूझीलंडचे औषधविक्रेते आणि पशुवैद्यक कॉलिन मर्डॉक यांनी १९५० च्या दशकात ती रुजवली. डोंगरातल्या जंगली प्राण्यांचा अभ्यास करायचा तर ते जिवंत हाती लागायला हवेत, हा त्यांचा प्रश्न होता. आज भारतात वाघ-बिबट्यांसाठी मुख्यतः झायलाझिन आणि केटामाइन यांची जोडी वापरतात. तिचे एक प्रसिद्ध रूप म्युनिकच्या हेलाब्रुन प्राणिसंग्रहालयाच्या नावाने ओळखले जाते. या जोडीचा स्वभाव नीट समजून घेण्यासारखा आहे. झायलाझिनला उतारा आहे, केटामाइनला नाही. त्यामुळे घाईने उतारा दिला तर केटामाइन एकटेच अंगात उरते आणि जनावर झटके देत, आंधळे धडपडत उठते. दुसरे असे की, झायलाझिनने निपचित पडलेले जनावर मोठ्या आवाजाने दचकून उभे राहू शकते. पडलेल्या वाघाभोवती जल्लोष करणाऱ्यांना हे सांगून पटत नाही.

मोठ्या खुरी प्राण्यांसाठी एटॉर्फिन नावाचे औषध जगभर वापरात आहे. २०११ मध्ये कान्ह्याहून बांधवगडला रानगवे नेले गेले तेव्हा दक्षिण आफ्रिकेचे तज्ज्ञ मदतीला होते आणि हेच औषध कामाला आले. त्याचा एखादा थेंब माणसाच्या रक्तात गेला तरी प्राणावर बेतू शकते. म्हणून डार्ट भरण्याआधी माणसासाठीचा उतारा तयार ठेवतात. औषधांच्या मात्रा या लेखात मुद्दाम दिलेल्या नाहीत. तो पशुवैद्यकाचा अधिकार आहे, आणि तो त्याच्याच हातात राहायला हवा.

हा अधिकार जागेवर नसला की काय होते, याचे महाराष्ट्रातले सर्वांत कटू उदाहरण यवतमाळ जिल्ह्यातले. अवनी किंवा टी-१ म्हणून ओळखल्या गेलेल्या वाघिणीवर १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. आधी बेशुद्ध करण्याचा प्रयत्न करावा आणि ते जमलेच नाही तर गोळी घालावी, असा वन विभागाचा आदेश होता, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यातल्या बोराटीजवळ तिला गोळी लागली. त्या वेळी पथकासोबत पशुवैद्यक नव्हता. अंधार होता. तिच्या अंगावर डार्ट आढळला, पण तो बंदुकीतून सुटलेला होता का, याबद्दल चौकशीत गंभीर शंका नोंदली गेली. तिची दोन पिल्ले दहा-एक महिन्यांची होती. आदेश बरोबर की चूक हा वाद वेगळा. रात्री, पशुवैद्यकाशिवाय, झाडोऱ्यात वाघिणीला गाठायला निघणे हाच निर्णय आधीच्या सगळ्या काळजीपूर्वक लिहिलेल्या शब्दांवर बोळा फिरवणारा होता, एवढे तरी म्हणायला हवे.

अर्जुनी मोरगावला लागून असलेल्या वडसा भागात चार वर्षांनी दुसरे चित्र दिसले. सीटी-१ हे नाव पडलेल्या वाघाने गडचिरोली, भंडारा आणि चंद्रपूर या जिल्ह्यांत मिळून १३ बळी घेतल्याची नोंद होती. इटियाडोह धरणाच्या परिसरातल्या गावांत त्या वर्षी धानकापणीची चिंता होती आणि वन विभागावर दबाव यवतमाळइतकाच. ताडोबाच्या शीघ्र कृती दलाचे पशुवैद्यक डॉ. रविकांत खोब्रागडे आणि नेमबाज अजय मराठे या मोहिमेत होते. हा वाघ एका जागी टिकत नसे, त्यामुळे थांबणे भाग होते. १३ ऑक्टोबर २०२२ रोजी तो डार्टच्या टप्प्यात आला आणि बेशुद्ध होऊन नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात गेला. या दोन मोहिमांची तुलना करताना वाघांचे स्वभाव, भूभाग, राजकारण सगळे वेगळे होते हे मान्य. पण पशुवैद्यक आणि नेमबाज यांची रोजच्या सरावाची जोडी असणे हा फरक त्या सगळ्यांहून मोठा वाटतो. चाप ओढणाऱ्याने “आत्ता नको” हे शब्द पशुवैद्यकाच्या नजरेत वाचायला शिकलेले असावे लागते.

गर्दीचा प्रश्न शहरातही तोच. ७ फेब्रुवारी २०१६ रोजी बंगळुरूतल्या एका शाळेत बिबट्या शिरला. पकडण्याच्या धडपडीत वन्यजीवशास्त्रज्ञ संजय गुब्बी यांच्यासह काही जण जखमी झाले. बिबट्या शेवटी संध्याकाळी आवाक्यात आला. कोंडलेला प्राणी डार्ट लागल्यावर औषध चढेपर्यंत जास्तच आक्रमक होऊ शकतो, हे त्या दिवशी साऱ्या देशाने दूरचित्रवाणीवर पाहिले. आपल्याकडे बिबट्या घरात किंवा गोठ्यात शिरला की हेच घडायला वेळ लागत नाही. पोलिसांनी शंभर-दोनशे मीटरवर दोरी बांधून लोक थोपवले नसतील तर डार्ट भरण्याचीही घाई करू नये. विहिरीत पडलेल्या बिबट्याला तर पाण्यात असताना सुई मारणे म्हणजे त्याला बुडवणेच. आधी बाज किंवा शिडी सोडायची, ती धरून तो बाहेर येऊ शकतो. अनेकदा तेवढ्यावरच भागते, आणि पिंजऱ्याचे दार विहिरीच्या तोंडाला लावलेले असेल तर सुईची गरजच पडत नाही. झाडावर चढलेल्याचेही तेच. खाली जाळे ताणलेले नसेल तर उंचीवरून पडून त्याचा कणा मोडतो.

हवामानाचे गणित गोंदियात फार कडक आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. बेशुद्ध जनावराला आपले तापमान आवरता येत नाही, म्हणून उन्हाळ्यात पहाटेचे पहिले दोन-तीन तासच कामाचे. सूर्यास्ताकडे झुकलेली वेळ त्याहूनही फसवी. हवा थंड होत असते, जनावरे बाहेर पडत असतात, नेम धरायला मोह होतो. पण डार्ट लागून दहा मिनिटे पळालेला वाघ अंधारात शोधायचा कसा? तो सापडला नाही तर रात्रभर तो नाल्यात तोंड खुपसून पडलेला असू शकतो, किंवा अर्धवट शुद्धीत झुडपात बसलेला. दोन्ही शक्यता भयंकर. सूर्य मावळायला तासाभराहून कमी वेळ असेल तर नकार द्यावा, हा साधा हिशेब बहुतेक पशुवैद्यक पाळतात.

जखमी जनावर हा सगळ्यात अवघड पेच. १० ऑगस्ट २०२३ च्या रात्री गोंदिया–कोहमारा मार्गावर मुरदोलीजवळ एका मोटारीने तरुण वाघाला उडवले. मोडलेले अंग ओढत रस्त्यावरून जाणाऱ्या त्या वाघाची चित्रफीत देशभर फिरली. दुसऱ्या दिवशी त्याला पकडून नागपूरला नेताना वाटेतच तो गेला. अशा प्रसंगी पथकावर दोन्हीकडून टीका होते, लगेच का पकडले नाही आणि पकडलेच का. झायलाझिन रक्तदाब आणि हृदयाची गती खाली आणते. आतून रक्तस्राव होणाऱ्या जनावराला तेवढा धक्काही पुरतो. उलट वेदनेत तडफडणाऱ्या वाघाजवळ औषधाशिवाय जाणे म्हणजे माणसाचा जीव पणाला लावणे. इथे सरसकट नियम नाही. श्वास, हिरड्यांचा रंग, मागचे पाय हलतात की नाही, हे दुर्बिणीतून जेवढे दिसते तेवढे पाहून पशुवैद्यकाने ठरवायचे, आणि बाकीच्यांनी ते मान्य करायचे.

जुन्या शिकाऱ्यांनाही हा पेच ठाऊक होता. जखमी केलेले जनावर शोधून संपवल्याशिवाय घरी परतायचे नाही, हा त्यांचा दंडक. जिथे तो मोडला तिथे काय झाले त्याची साक्ष कुमाऊँतल्या चंपावतच्या वाघिणीने दिली. जिम कॉर्बेट यांनी १९०७ मध्ये तिला मारले तेव्हा तिच्या उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे सुळे तुटलेले आढळले, कधीतरी कुणीतरी झाडलेल्या बारामुळे. शिकार करणे अवघड झालेल्या त्या वाघिणीच्या नावावर ४३६ बळींची नोंद आहे. पहिली बंदूक कुणाची होती, इतिहासाला माहीत नाही.

डार्टचा निर्णय टाळता येईल अशा वाटाही आता बऱ्याच आहेत. शेजारच्या बालाघाट-मंडला भागातल्या कान्ह्यातून बारशिंगे सातपुड्याला नेली गेली ती ‘बोमा’ पद्धतीने. गवत आणि कापडाच्या आडोशाने केलेले नरसाळ्यासारखे मोठे आवार, त्याच्या निमुळत्या टोकाला वाहन. हरणे हळूहळू आत येतात, सुई कुणालाच लागत नाही. कळपाने राहणाऱ्या, सहज घाबरणाऱ्या हरणांसाठी याहून बरा मार्ग नाही. बिबट्यासाठी पिंजरा आहे. वाघासाठी मात्र बहुधा डार्टच. २० मे २०२३ रोजी ब्रह्मपुरी भागातल्या दोन वाघिणी नागझिऱ्यात सोडण्यात आल्या, पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये आणखी एक. २०१३ मध्ये घोषित झालेल्या नवेगाव–नागझिरा व्याघ्र प्रकल्पात वाघ कमी आणि जागा पुष्कळ, म्हणून ही योजना. त्या प्रत्येकीला आधी बेशुद्ध करून कॉलर घालावी लागली. नागझिऱ्यातून उमरेड-कऱ्हांडल्याला गेलेला प्रसिद्ध ‘जय’ही कॉलरसाठी बेशुद्ध केला गेला होता. एप्रिल २०१६ नंतर त्याचा ठाव लागला नाही, कॉलर असूनही. त्यामुळे कॉलर घालणे हे कारण पुरेसे आहे का, हा प्रश्न प्रत्येक वाघापुढे नव्याने विचारायला हवा. ती घातल्यावर रोज तिच्यामागे फिरणारी माणसे, गाडी आणि डिझेलचे पैसे मंजूर आहेत का, हे विचारून मगच.

जनावर पडल्यानंतरचे काम शांततेत आणि भराभर व्हावे लागते. आधी लांब काठीने स्पर्श, कानाला हात, प्रतिसाद नाही याची खात्री. मग डोळ्यांत मलम आणि पट्टी. रवंथ करणाऱ्या प्राण्याला कुशीवर पडू द्यायचे नाही. त्याला छातीवर बसवायचे, मान उंच आणि नाक खाली, म्हणजे पोटातले वर आलेले पाणी फुप्फुसात उतरत नाही आणि पोट फुगत नाही. दर पाच मिनिटांनी श्वास, नाडी, तापमान, आणि लिहिणारा एक माणूस वेगळा. फोटो काढणाऱ्यांना दूर ठेवणारा आणखी एक, आणि तो खमका असावा.

गावकऱ्यांच्या हातात यातले पुष्कळ आहे. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. कुत्री बांधावीत, पोरांना घरात घ्यावे, जंगलाकडची बाजू रिकामी ठेवावी, फटाके आणि ढोल नकोत, ट्रॅक्टर बांधीत घालू नये. पथक नुसते बसलेले दिसले तर ते कामच करत आहे असे समजावे. आणि डार्ट चुकून धानात, तणसाच्या ढिगात किंवा बोडीच्या काठी कुठे पडलेला दिसला तर हात लावू नये, लहान मुलांना तर जवळही जाऊ देऊ नये. त्यात औषध शिल्लक असू शकते आणि सुईवर दाबही. जागेवर काठी रोवून पथकाला बोलवावे. जबाबदार पशुवैद्यक भरलेल्या आणि परत मिळालेल्या डार्टांचा ताळा जुळवल्याशिवाय गाडीत बसत नाही. एक कमी भरला तर टॉर्च लावून पुन्हा बांध्या धुंडाळल्या जातात आणि तो सापडल्यावर मगच पंचनाम्यावर सह्या होतात.